दोन ससे, एक हद्द

पाठीवर पान पडलं तर आभाळ कोसळलं म्हणून पळत सुटणारा ससा आपण सगळ्यांनी बालवाडीत ऐकलेला असतो. त्यामुळे घरी दोन ससे आणले की कापसाच्या दोन गोळ्यांसारखे ते एकमेकांना बिलगून बसतील, असं कुणालाही वाटतं. मलाही वाटलं होतं. आमच्याकडे दीड वर्षाचा पांढरा बंडू आधीपासून होता. त्याला सोबत हवी म्हणून ओळखीतल्या एका घरी नकोशी झालेली काळी मादी आणली, तिचं नाव ठमी ठेवलं आणि त्याच संध्याकाळी तिला बंडूच्या पुढ्यात सोडलं. पंधरा सेकंदांत हॉलभर केसांचे पुंजके उडत होते, माझ्या अंगठ्यातून रक्त येत होतं आणि ठमी सोफ्याखाली होती. त्या रात्री सुरू झालेलं वाचन आणि चार अनुभवी लोकांकडची विचारपूस अजून चालूच आहे. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतो.

घोटाळ्याची सुरुवात शब्दापासूनच होते. मराठीत 'ससा' हा एकच शब्द दोन वेगळ्या प्राण्यांना पुरतो. माळावर किंवा उसाच्या बांधाला संध्याकाळी दिसतो तो आपला रानससा. तो एकांडा. बीळ खणत नाही. गवतात अंगापुरता खोलगट ठाव करून त्यात दबून राहतो. त्याची पिल्लं अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे, त्यामुळे तो पाळायचा नसतो. दुकानात विकला जातो तो ससा मुळात स्पेन-पोर्तुगालकडचा. तो जमिनीखाली बिळांचं जाळं करतो, टोळीने राहतो आणि त्याची पिल्लं उघडी, आंधळी जन्मतात. चंद्रावर आपल्याला दिसतो तो पहिला. बाल्कनीत बसतो तो दुसरा.

या दुसऱ्या सशाच्या घरगुती राजकारणाची माहिती जगाला मिळाली ती बरीचशी त्याला वैतागलेल्या माणसांकडून. ऑस्ट्रेलियात बाहेरून नेलेल्या सशांनी एकोणिसाव्या शतकापासून शेतं आणि कुरणं उजाड केली, तेव्हा विसाव्या शतकाच्या मध्यावर तिथल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने शत्रूचा नीट अभ्यास करायला घेतला. रोमन मिकिटोविच यांनी कुंपणातल्या वसाहतींत ससे वर्षानुवर्षं न्याहाळले. वेल्समध्ये रोनाल्ड लॉकली यांनी हेच केलं. त्यांचं पुस्तक १९६४ साली आलं आणि रिचर्ड ॲडम्स यांनी 'वॉटरशिप डाउन' ही सशांची कादंबरी लिहिताना त्याचाच आधार घेतला. या निरीक्षणांतून जे चित्र उभं राहिलं ते भित्र्या भागूबाईचं नाही. टोळी लहान असते. नरांची उतरंड वेगळी, माद्यांची वेगळी. वरच्या पायरीवरचा नर हनुवटीखालच्या ग्रंथीचा वास जागोजागी घासून हद्द आखतो. खालचे ससे हे कमी करतात. बाहेरचा ससा आत शिरला की त्याला चावून हाकलतात. म्हणजे या प्राण्याला सोबत हवी असते आणि सोबत करायला आलेला अनोळखी नको असतो. सगळी गुंतागुंत या एका जागी आहे.

मग सोबत द्यायचीच कशाला, असा प्रश्न रास्त आहे. एकटा ससा माणसाला लळा लावतो, मागे-मागे फिरतो, पायाभोवती गोल-गोल धावतो. 'आमचा बघा किती खूश आहे,' असं त्याचे मालक सांगतात आणि ते खोटं बोलत नसतात. पण सशालाच विचारायची एक युक्ती संशोधकांनी काढली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात प्रयोगशाळेतल्या माद्यांना वजन लावलेली दारं ढकलून हव्या त्या गोष्टीपर्यंत जायचं होतं. अन्नासाठी त्या जेवढा जोर लावत, जवळजवळ तेवढाच जोर त्यांनी दुसऱ्या सशाच्या सहवासासाठी लावला. पुढे २०२० मध्ये लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या अभ्यासकांनी एका निवाऱ्यातले १५ एकटे ससे आणि १५ जोड्या हिवाळ्यात तपासल्या. पिंजऱ्याच्या गजांना चावत राहण्याची सवय फक्त एकट्या सशांत दिसली, जोडीतल्या एकातही नाही. आणि एकट्यांच्या अंगाचं तापमानही कमी भरलं. थंडीत अंगाला अंग लावून बसायला कुणी नसणं म्हणजे काय, हे त्या आकड्यात आहे. आपण दिवसाचे आठ-दहा तास कामावर असतो. घरी आल्यावर अर्धा तास गोंजारलं म्हणजे सोबत झाली, हे मला आता पटत नाही.

सोबत कुणाची, याचं उत्तर बहुतेक सगळे जाणकार एकमुखाने देतात: शस्त्रक्रिया झालेला नर आणि शस्त्रक्रिया झालेली मादी. दोन माद्या जमतात, पण कधी बिनसेल ते सांगता येत नाही. दोन नर त्याहून अवघड. पूर्वी सशाला गिनीपिगची जोड द्यायचे. आता तो सल्ला मागे पडला आहे. सशाच्या मागच्या पायाची लाथ गिनीपिगला जायबंदी करू शकते, सशाच्या श्वासनलिकेत निमूट राहणारे काही जंतू गिनीपिगला आजारी पाडतात आणि दोघांची भाषाही जुळत नाही.

आपल्याकडे मात्र जोडीची गोष्ट क्वचितच अशी ठरवून सुरू होते. बाजारात महिन्या-सव्वा महिन्याची दोन पिल्लं एकाच टोपलीत बसलेली असतात, मुलं हट्ट करतात, विकणारा 'दोन्ही माद्याच आहेत, बिनधास्त न्या' म्हणतो. त्या वयात नर-मादी ओळखणं अनुभवी डॉक्टरांनाही चकवतं. पहिले दोन-तीन महिने सोहळा असतो: दोघं एकाच कोथिंबिरीच्या काडीची दोन टोकं कुरतडतात, फोटो निघतात. तीन-चार महिन्यांचे झाले की वयात येतात आणि चित्र पालटतं. दोन्ही नर निघाले तर एक दिवस घरी आल्यावर फरशीवर रक्त दिसतं. नर-मादी निघाली तर साधारण ३१ दिवसांनी कोपऱ्यात केसांचं घरटं आणि त्यात पाच-सात गुलाबी पिल्लं. मादीचं बीज समागमानंतरच सुटतं, त्यामुळे 'सुरक्षित दिवस' हा प्रकार नाही. आणि विणीनंतर काही तासांत ती पुन्हा गाभण राहू शकते. 'लहानपणापासून एकत्र आहेत, यांचं काय जुळवायचं' या वाक्याने जितक्या जोड्या मोडल्या असतील तितक्या दुसऱ्या कशानेही नाही. बालपणीची मैत्री वयात येताना संपते आणि नवी सुरू करावी लागते, हे धरून चालावं.

म्हणून शस्त्रक्रिया. नराची साडेतीन-चार महिन्यांनंतर, मादीची पाच-सहा महिन्यांनंतर करतात. शस्त्रक्रियेनंतरही नर चार ते सहा आठवडे बाप होऊ शकतो, हे फार लोकांना माहीत नसतं. दोघांचे संप्रेरक निवळायलाही साधारण तेवढाच काळ लागतो. मादीच्या बाबतीत आणखी एक कारण आहे: वय वाढतं तसा तिच्या गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका झपाट्याने चढतो. भीती आहे ती भुलीची आणि ती अनाठायी नाही. ब्रिटनमधल्या २००८ च्या एका मोठ्या पाहणीत भुलीशी संबंधित मृत्यूंचं प्रमाण कुत्र्यांत ०.१७ टक्के, मांजरांत ०.२४ टक्के आणि सशांत १.३९ टक्के निघालं. निरोगी सशांत ते याच्या निम्म्यावर येतं. त्यामुळे कुत्र्या-मांजरांच्या जवळच्या दवाखान्यात उरकून टाकण्याऐवजी सशांवर नेहमी शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर शोधावेत, मग त्यासाठी पुण्या-मुंबईपर्यंत जावं लागलं तरी. एक साधी कसोटी सांगतो. 'रात्रभर उपाशी ठेवून आणा' असं सांगितलं गेलं तर पुन्हा विचारा. सशाला उलटी होतच नाही, म्हणून त्या उपासाची गरज नसते. उलट आतडी रिकामी राहिली की थंडावतात, आणि सशाचं निम्मं मरण आतड्यांच्या थंडावण्यात असतं.

आता मूळ प्रश्न: दोघांना समोरासमोर आणायचं कसं? इथे दोन घराणी आहेत आणि ती एकमेकांना धरून बोलत नाहीत.

इंग्रजीभाषक देशांतलं घराणं म्हणतं, आधी जाळीपल्याड. दोघांची घरं शेजारी-शेजारी मांडायची, मध्ये दोन जाळ्या बोटभर अंतर ठेवून, म्हणजे नाकाला चावा बसत नाही. मग रोज किंवा दिवसाआड वस्तूंची अदलाबदल: याचा विष्ठेचा ट्रे त्याच्याकडे, त्याची चादर याच्याकडे. वासाची सवय झाली, जाळीला टेकून दोघं आपापली झोप काढू लागली की तटस्थ जागेत दहा-पंधरा मिनिटांची भेट. काही बिनसायच्या आत उचलायचं, शेवट गोड करायचा. मिनिटं वाढवत न्यायची. महिना, दोन महिने, काही जोड्यांना त्याहून जास्त.

जर्मनभाषक देशांतल्या ससेवाल्यांना हे अजिबात मान्य नाही. त्यांच्याकडे या कार्यक्रमाला 'फेरगेझेलशाफ्टुंग' असं दमदार नाव आहे आणि त्यांचं म्हणणं सरळ आहे: जाळीपलीकडून वास येतो, शत्रू दिसतो, पण निकाल लावता येत नाही, राग फक्त साचत जातो. त्याऐवजी मोठी, कुणाचीच नसलेली जागा घ्या. दोन्हीकडून उघडे असलेले खोके, बोगदे, चाऱ्याचे ढीग मांडा. कुठेही कोंडीत सापडेल असा कोपरा ठेवू नका. दोघांना एकदम आत सोडा आणि मग, खरी जखम होत नाही तोवर, बाहेर काढू नका. पळापळ होईल, केस उपटले जातील, होऊ द्या. मध्येच उचललं तर ठरत आलेली पायरी विसकटते आणि उद्या पहिल्यापासून सुरू. एकदा ठरलं की ठरलं.

इंग्रजी पद्धतीत छोट्या जागेचा आग्रह असतो, कारण मोठ्या जागेत पाठलागाला वेग येतो. जर्मन पद्धतीत मोठ्या जागेचा, कारण हरणाऱ्याला पळायला वाव हवा. दोघांचंही बरोबर आहे आणि दोघंही आपापल्या अनुभवावरून बोलतात. मला वाटतं, फरक सशांत कमी आणि घरांत जास्त आहे. अंगण, माळा, रिकामं गॅरेज असलेल्या माणसाला दुसरं घराणं परवडतं. ज्याच्याकडे साडेचारशे चौरस फुटांची वन-बीएचके आहे आणि त्यातला प्रत्येक चौरस फूट पहिल्या सशाने हनुवटी घासून आपल्या नावावर केलेला आहे, त्याला पहिलंच जमेल. जर्मन पद्धतीला आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे सलग दोन-तीन दिवस आणि रात्री लक्ष ठेवणारं माणूस. नोकरी करून हे जमत नाही.

तिसरीही एक पद्धत चालत आलेली आहे. दोघांना एका टोपलीत घालून गाडीतून फिरवायचं किंवा चालू वॉशिंग मशीनवर टोपली ठेवायची. घाबरून ते एकमेकांना चिकटतात आणि मालकाला वाटतं, जमलं. मला ही फसवणूक वाटते. बंद पडलेल्या लिफ्टमध्ये अडकलेली दोन माणसं एकमेकांचा हात धरतात, म्हणून ती दुसऱ्या दिवशी एकत्र जेवायला बसत नाहीत. शिवाय भीतीने सशाचं पोट बिघडतं, ते वेगळंच.

तटस्थ जागा शोधताना आपल्या घरांची खरी परीक्षा होते. न्हाणीघर बहुतेकांना सुचतं, पण सशाच्या तळव्यांना कुत्र्या-मांजरांसारख्या गाद्या नसतात, केसच असतात. गुळगुळीत टाइलवर तो घसरतो, बिथरतो आणि बिथरलेला ससा आधी चावतो. सतरंजी किंवा रबरी चटई अंथरली की काम भागतं. गच्चीवर डोक्यावर घारी असतात. आम्ही शेवटी शेजारच्या काकूंची रिकामी झोपायची खोली मागून घेतली. त्या बदल्यात आठवडाभर त्यांचं दळण मी आणून दिलं. ऋतूही पाहावा. तीस अंशांच्या वर ससा आधीच हैराण असतो, त्याला घाम येत नाही, कानांवाटेच काय ती उष्णता बाहेर पडते. विदर्भ-मराठवाड्यात चैत्र-वैशाखात हा कार्यक्रम काढूच नये. इतरत्रही पहाटेची वेळ बरी.

आणि नवा ससा आल्या-आल्या जाळीशेजारीही ठेवू नये. दोन आठवडे वेगळी खोली. आपल्याकडच्या सशांत खरूज फार, ती दोघांना झाली की जुळवणं बाजूला राहतं.

भेटीत काय दिसतं ते सांगायला हवं, कारण आपण बहुतेक वेळा चुकीच्या क्षणी घाबरतो आणि चुकीच्या क्षणी निश्चिंत राहतो. एक दुसऱ्याच्या पाठीवर चढतो. हे हमखास होतं, शस्त्रक्रिया झालेल्यांतही होतं आणि मादीही चढते. शेजारच्या काकूंनी पहिल्या दिवशी 'अगंबाई!' म्हणून दार लोटून घेतलं होतं. वरची पायरी कुणाची, हे सांगण्याची ती रीत आहे. पाच-दहा सेकंद होऊ द्यावं, मग हलकेच खाली उतरवावं. फक्त डोक्याच्या बाजूने चढला तर लगेच काढायचं, कारण खालच्याचे दात त्या वेळी नराच्या नाजूक जागी असतात. थोडा पाठलाग, तोंडात आलेला केसांचा पुंजका, पाय आपटणं, एवढं चालायचंच.

खरी घासाघीस चाटण्यावरून होते. सशांत ज्याचं डोकं चाटलं जातं त्याचा मान मोठा. त्यामुळे भेटीत एक जण दुसऱ्याच्या नाकाशी डोकं फरशीला टेकवून बसतो. आपल्याला वाटतं शरण आला, आणि तो म्हणत असतो, 'चाट.' समोरचाही डोकं टेकवून बसला की दोघं मिनिटं-मिनिटं तसेच, लग्नात आधी कुणी वाकायचं यावरून अडलेल्या व्याह्यांसारखे. मग कुणीतरी वैतागून टोचा मारतो. यावर कपाळाला कुस्करलेलं केळं लावायची एक युक्ती आहे. लाच म्हणून चाटायला सुरुवात होते आणि कधीकधी सवय राहते. बंडूने केळं चाटलं, ठमीने मान वर करून ते स्वीकारलं, आणि आमच्या घरात कोण मोठं हे त्या दिवशी ठरलं.

दोघं एकमेकांकडे दुर्लक्ष करून पाठमोरे बसलेले दिसले की नवखा माणूस खट्टू होतो. तेव्हा खरं तर मनातल्या मनात पेढे वाटावेत. ज्याच्याकडे पाठ करून ससा तोंड धुतो किंवा पाला खातो, त्याचं भय त्याला उरलेलं नसतं. उलट ताठ अंग, मागे चिकटलेले कान, वर उभारलेली शेपूट आणि शेपटीमागे शेपूट अशी गरगर सुरू झाली की दोन सेकंदांत भोवरा होतो. दोघं एकमेकांत गुंतून लोळतात, मागच्या नख्या पोटावर चालतात. इथे हात घालू नये. माझा अंगठा साक्षीला आहे. केर भरायची सुपली मध्ये सरकवावी किंवा जाड टॉवेल टाकावा. नंतर दोघांचं अंग केस फुंकून फुंकून तपासायचं, कारण चाव्याचं भोक केसांखाली मिटून जातं आणि आठवड्याने गाठ येते. सशाचा पू चक्क्यासारखा घट्ट असतो, आपोआप वाहून जात नाही. भांडणानंतर बारा तास एखाद्याने तोंडात काही घेतलं नाही, लेंड्या टाकल्या नाहीत, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टर गाठावा.

भेटी लांबत जातात, मग एक दिवस दोघांना वेगळं करावंसं वाटत नाही. दोन अहोरात्र एकही चकमक नाही, एकाच ट्रेमध्ये शेजारी बसून चारा खातात, एक झोपला की दुसरा त्याला टेकून आडवा होतो, एवढं झालं की घरी न्यायचं. पण घर तेच असलं की जुना मालक जागा होतो. त्यासाठी पाण्यात व्हिनेगर घालून फरशी पुसून घ्यावी, फर्निचर हलवावं, खोके नवे मांडावेत. खाण्याच्या वाट्या दोन, चारा तीन ठिकाणी, ट्रे ऐसपैस. ब्रिटनची सशांसाठी काम करणारी रॅबिट वेल्फेअर असोसिएशन जोडीला ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि १ मीटर उंच इतकी जागा कायम मोकळी असावी, असं सांगते. आपल्या बाजारातल्या पिंजऱ्यांत दोन ससे ठेवणं म्हणजे रोज भांडण विकत घेणं.

काही जोड्या जमतच नाहीत. तीन-चार महिने झाले, जखमा थांबत नाहीत, तर दोघांना जाळीच्या दोन बाजूंना कायमचं राहू द्यावं. तीही अर्धी सोबत असते. आमचं सहा आठवड्यांत जमलं, आणि मी ते कर्तृत्व माझ्याकडे घेत नाही.

जमलेल्या जोडीला मात्र एक पथ्य जन्मभर पाळावं लागतं. एकालाच दवाखान्यात नेलं तर तो औषधाचा, परक्या हातांचा वास घेऊन परत येतो, आणि घरचा त्याला घुसखोर समजून अंगावर धावतो. एका रात्रीच्या मुक्कामाने वर्षानुवर्षांची जोडी फुटलेली आहे. म्हणून दोघांनी जायचं आणि दोघांनी यायचं. एक दगावला तरी दुसऱ्याला काही वेळ त्याच्यापाशी राहू देतात. हुंगतो, चाटतो, मग आपणच दूर होतो. नाहीतर दिवसचे दिवस शोधत राहतो.

गेल्या पावसाळ्यात बंडूच्या दाढा वाढल्या होत्या, त्या घासून घ्यायच्या होत्या. मांडीवर टोपली घेऊन मी रिक्षात बसलो. सिग्नलला रिक्षावाल्या काकांनी मागे वळून टोपलीत डोकावून पाहिलं.

'दोन्ही आजारी का?'

'नाही, पांढरा.'

'मग काळी कशाला?'

'त्याच्याबरोबर आलीये.'

त्यांनी मान डोलावली आणि पुढचा खड्डा हळू घेतला.